पोस्टच्या आधी पंचांग

वाचकाचं पत्र:

"सांगलीत विश्रामबागला मी घरून पुरणपोळ्या, उकडीचे मोदक आणि दिवाळीचा फराळ करून देते. मदतीला दोघीजणी येतात. गेल्या वर्षी एका ऑनलाइन वर्गात '30 दिवस, 30 पोस्ट' असा तक्ता मिळाला. त्याप्रमाणे मी रोज इन्स्टाग्रामवर काहीतरी टाकते. सोमवारी सुविचार, मंगळवारी रेसिपी, बुधवारी 'तुम्हाला काय आवडतं?', आणि ज्या त्या दिवसाच्या शुभेच्छा. मोदकाच्या कळ्या पाडतानाची एक रील खूप फिरली. तिच्यामुळे फॉलोअर वाढले, पण ते इंदूर, दिल्ली, कुठले कुठले. त्यातले लोक विचारतात, 'आमच्याकडे पाठवाल का?' सांगलीतल्या ऑर्डरी होत्या तेवढ्याच आहेत. रात्री ओटा आवरून झाला की उद्या काय टाकायचं याचं टेन्शन येतं. घरचे म्हणतात, बंद कर. मला बंद करायचं नाही, पण हे असं चालणारही नाही. सांगली-मिरजेतलं गिऱ्हाईक यावं म्हणून वर्षाचा तक्ता कसा बनवू? रोज टाकलंच पाहिजे का? जाहिरातीवर पैसे घालू का?"
(एक वाचक, सांगली)

ताई, नमस्कार.

पहिल्यांदा तो 30 पोस्टचा तक्ता बाजूला ठेवा. तुम्ही तो मन लावून पाळलात, कष्टांत काही कमी नव्हती. अडचण तक्त्यातच आहे. तो बनवणाऱ्याला तुमच्या गिऱ्हाइकाबद्दल काहीच ठाऊक नव्हतं. सोमवार, मंगळवार, बुधवार हे वार त्याने पोस्ट टाकणाऱ्याच्या सोयीने वाटून दिलेत. सांगलीतली एखादी बाई पुरणपोळीची ऑर्डर कधी देते, कशासाठी देते आणि किती दिवस आधी ठरवते, यातलं काहीही त्या चौकटींत नाही.

रीलचंही तसंच. इन्स्टाग्राम रील दाखवतं ते ज्याला असं बघायला आवडतं त्याला. मोदकाच्या कळ्या पडताना बघायला इंदूरच्या माणसालाही आवडणारच. ते कौतुक खरं आहे आणि त्याचा आनंद जरूर माना, पण त्या माणसाच्या घरी गणपतीच्या दिवशी तुमचा उकडीचा मोदक गरम पोचणार नाही. तुमचा माल ताजा आहे, हाताने केलेला आहे आणि स्कूटरवरून पोचतो. म्हणजे तुमचं सगळं गिऱ्हाईक सांगली, मिरज, कुपवाड, फार तर माधवनगर-हरिपूरपर्यंतचं. त्यांच्या घरात काय चाललंय, त्यावर तक्ता उभा राहिला पाहिजे.

त्यासाठी नवीन काही शिकावं लागत नाही. तुमची ऑर्डरची वही काढा. गेल्या दोन वर्षांतली प्रत्येक मोठी ऑर्डर घ्या आणि तिच्यासमोर दोन गोष्टी लिहा: पहिला मेसेज किंवा फोन कधी आला, आणि डबा कधी गेला. व्हॉट्सॲपवर जुन्या गप्पा चाळल्या की पहिल्या मेसेजची तारीख सापडते. या दोन तारखांमधलं अंतर हीच तुमच्या धंद्यातली सगळ्यात मोलाची माहिती, कारण तेवढे दिवस आधी गिऱ्हाईक मनात ठरवत असतं. पोस्ट त्याच्या थोडी आधी पोचली तर उपयोगाची. सणाच्या सकाळी दिवे आणि रांगोळीचं चित्र लावून 'शुभेच्छा' टाकता, तेव्हा त्या घरातली ऑर्डर कुणालातरी जाऊन आठवडा झालेला असतो.

वही बघताना एक काळजी घ्या. अंतर दिवसांत मोजा, इंग्रजी तारखेने लक्षात ठेवू नका. आपलं गिऱ्हाईक तिथीने जगतं. 2025 मध्ये गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला होती. या वर्षी, 2026 मध्ये, ती 14 सप्टेंबरला आहे. अठरा दिवसांचा फरक. गेल्या वर्षीचा तक्ता तसाच उचलला तर मोदकांचं बुकिंग तुम्ही श्रावण लागायच्या आधीच सुरू कराल, आणि लोकांच्या डोक्यात मोदक येतील तोवर तुमच्या पोस्ट कुठल्या कुठे खाली गेलेल्या असतील. म्हणून वर्षाचा तक्ता करायला बसाल तेव्हा मोबाइल बाजूला ठेवा आणि भिंतीवरचं पंचांगाचं कॅलेंडर घेऊन बसा.

ही तारीख पुढे का गेली, तर या वर्षी अधिक महिना आहे. अधिक ज्येष्ठ, 17 मे ते 15 जून. याआधीचा अधिक महिना 2023 मध्ये श्रावणात आला होता. तुम्हाला मी सांगायला नको की अधिकात जावयाला 33 अनारशांचं वाण देतात. आता विचार करा: सांगलीत किती घरांत लेकीचं लग्न होऊन वर्ष-दोन वर्षं झालीत, आणि त्यांतल्या किती घरांत आज अनारसे जमतात? अनारसा हा बिघडतो म्हणून भल्याभल्या सुगरणी हात जोडतात असा पदार्थ. एकतर तेलात हसतो, म्हणजे विरघळून पसरतो, नाहीतर दगडासारखा होतो. तुम्ही फराळ करता म्हणजे अनारसे तुम्हाला येतच असणार. हा महिना साधारण तीन वर्षांनी एकदा येतो, म्हणून कुठल्याच तयार तक्त्यात तो नसतो. '30 दिवस, 30 पोस्ट'मध्ये तुम्हाला जागतिक चहा दिन सापडेल, अधिक महिना सापडणार नाही. माझ्या मते 2026 मधली तुमची सगळ्यात मोठी संधी ही आहे, दिवाळीपेक्षाही, कारण दिवाळीत फराळ करून देणारे गल्लोगल्ली उभे राहतात.

आता या एकाच महिन्याचा तक्ता सोबत करून बघू. एकदा हात बसला की बाकीचे सण तुम्ही स्वतः मांडाल.

शेवटून सुरुवात करायची. 17 मेपासून डबे द्यायला सुरुवात. पण सगळे पहिल्याच दिवशी वाण देत नाहीत. जावई पुण्याहून ज्या रविवारी यायचा असेल त्या रविवारी देतात. म्हणजे डबे महिनाभर जाणार, आणि शनिवार-रविवारी जास्त. आता मागे या. तांदूळ तीन दिवस भिजायचे, रोज पाणी बदलायचं, मग निथळून, सुकवून, दमटसर असतानाच दळायचे, गूळ घालून गोळा करायचा आणि तो मुरायला ठेवायचा. हे सगळं धरून पहिल्या घाण्याची तयारी मेच्या पहिल्या आठवड्यात सुरू झाली पाहिजे. किती किलो तांदूळ भिजवायचे हे कळायला ऑर्डरींचा अंदाज त्याआधी हातात हवा. म्हणजे बुकिंग एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात उघडायचं. आणि बुकिंग उघडायच्या आधी लोकांना आठवण व्हायला हवी की या वर्षी अधिक आहे, कारण बऱ्याच जणांच्या ते लक्षातच नसतं. ती पहिली पोस्ट एप्रिलच्या मध्यावर: "या वर्षी 17 मेपासून अधिक महिना आहे. लेकीचं पहिलं अधिक असेल तर वाणाचे अनारसे आम्ही करून देतो." एवढंच. सोबत अनारशाचा एक स्वच्छ फोटो, खसखस वर दिसेल असा.

मग बघा, पुढच्या पोस्ट शोधाव्याच लागत नाहीत. तांदूळ भिजत घातले त्या दिवशी पातेल्याचा फोटो: "पहिल्या घाण्याचे तांदूळ आज भिजत घातले. 23 मेच्या आठवड्यासाठी नावनोंदणी चालू आहे." पीठ मुरायला ठेवलं त्या दिवशी एक. पहिला अनारसा तुपात पडला, जाळी पडली, त्याची दहा सेकंदांची चित्रफीत. 33 अनारसे डब्यात मांडले, वर दिवा ठेवला, तो फोटो. आणि एखाद्या आठवड्याचं बुकिंग भरलं की तेही सांगायचं: "23 मेचा आठवडा भरला, आता 30 मेपासूनचे दिवस शिल्लक." ही शेवटची पोस्ट टाकायला बऱ्याच बायकांना संकोच वाटतो. वाटतं की दार बंद केल्यासारखं दिसेल. पण तुमचा वेळ आणि हात मोजकेच आहेत, तिघींच्या हातून दिवसाला जेवढं निघतं तेवढंच निघतं, आणि ते गिऱ्हाइकाला कळलं तर तो वेळेत सांगतो. शिवाय आगाऊ रक्कम घेणंही मग सोपं जातं.

यातली प्रत्येक पोस्ट तुमच्या स्वयंपाकघरात त्या दिवशी जे होणारच होतं त्यातून आली. रात्री ओटा आवरून झाल्यावर डोकं खाजवायचा प्रश्नच उरत नाही. तक्त्यात 'पोस्ट' नावाचा वेगळा रकाना ठेवूच नका. कागदावर आडवे रकाने आखा: निमित्त, डबा पोचवायचे दिवस, बुकिंग बंद, बुकिंग सुरू, पहिली आठवण, आणि फोटो काढायचे. उभे सण. सगळं वर्ष एका मोठ्या कागदावर बसतं, आणि तो कागद फ्रिजवर लावा म्हणजे मदतीला येणाऱ्या दोघींनाही दिसेल.

प्रत्येक पदार्थाचं अंतर वेगळं निघेल, ते वहीवरूनच ठरवा. पुरणपोळीला होळीच्या आधी चार दिवस पुरत असतील. उकडीच्या मोदकांचं बुकिंग मात्र चतुर्थीच्या दोन-तीन दिवस आधी बंदच करा, आणि पोचवायच्या वेळा आधी वाटून द्या, कारण सगळ्यांना नैवेद्य एकाच वेळी हवा असतो. 14 सप्टेंबरला सोमवार आहे, म्हणजे शनिवार-रविवार तुम्हाला नारळ खवायला आणि सारण करायला मोकळे मिळतात, उकड पहाटेच. दर महिन्याच्या संकष्टीचं एक छोटं चक्र कायमचं लावून टाका. दोन दिवस आधी एक स्टेटस, बस. अंगारकी असेल त्या महिन्यात जरा आधी.

लग्नसराईचा तुमच्या पत्रात मला उल्लेख दिसला नाही. रुखवताचे लाडू, चकल्या, करंज्या करून देत असाल तर यंदा लक्षात ठेवा, अधिकात लग्नं लागत नाहीत. मेच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत मुहूर्तांची गर्दी होईल आणि मग महिनाभर शांतता. म्हणजे रुखवत संपलं की अनारसे सुरू, असा तुमचा उन्हाळा छान बसतो. रुखवताची पोस्ट फेब्रुवारी-मार्चमध्येच जायला हवी. त्यासाठी घरांपेक्षा मंगल कार्यालयवाल्यांशी आणि केटररशी एकदा बोलून आलात तर जास्त फळ मिळेल.

पावसाळ्याबद्दल सांगलीकराला वेगळं काय सांगायचं. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 या दोन्ही महापुरांत गावभागातल्या घरांचं काय झालं ते तुम्ही पाहिलंय. जुलैच्या शेवटापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत तक्त्यात काहीही आधी शेड्यूल करून ठेवू नका. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी वाढते तेव्हा सांगलीतला प्रत्येक फोन त्या आकड्यावर असतो, आणि त्यात आपोआप तुमची 'आषाढ स्पेशल' पोस्ट पडली तर लोकांच्या मनातून उतराल. त्या दिवसांत फक्त कामाचं लिहा: डबे कुठे पोचतायत, कुठे थांबलेत, आगाऊ घेतलेल्या पैशांचं काय. पाणी ओसरलं की 13 ऑगस्टला श्रावण लागतोच. शुक्रवारी जिवतीची पूजा, सवाष्ण, पुरण. नोकरी करणाऱ्या बायकांना त्या दिवशी चार-पाच पोळ्यांचीच ऑर्डर द्यायची असते, आणि 'एवढ्याशा पोळ्या कोण देणार' म्हणून त्या विचारतच नाहीत. 'शुक्रवारी 5 पोळ्याही मिळतील' हे चार शब्द श्रावणभर तुमच्या स्टेटसला दर बुधवारी असू द्या.

पितृपक्षाचा पंधरवडा, 27 सप्टेंबर ते 10 ऑक्टोबर, हा या वर्षी जरा अडचणीचा आहे. गणपती 25 सप्टेंबरला संपतात, तुम्ही दमलेल्या असणार, आणि घरी जेवणाची सोय होत नाही अशा बऱ्याच जणांना श्राद्धाच्या दिवशी वडे, खीर, भाज्या हव्या असतात. त्याची जाहिरात करू नये असं मला मनापासून वाटतं. जुन्या गिऱ्हाइकांना साधा निरोप पाठवा की हवं असल्यास करून देऊ. रंगीत फोटो नको, सवलत तर मुळीच नको.

पण याच पंधरवड्यात परदेशी पाठवायच्या फराळाचं ठरत असतं. लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे. कुरिअरचे दिवस, तिकडची तपासणी हे सगळं धरलं तर ते डबे दसऱ्याच्या आसपास हातावेगळे व्हायला हवेत. म्हणून परदेशातल्या मुलांच्या आईवडिलांना सप्टेंबरच्या आधीच एकेकाला विचारून घ्या, आणि कुठल्या देशात काय चालतं हे तुमच्या कुरिअरवाल्याकडून आधी लिहून घ्या. स्थानिक फराळाचं बुकिंग घटस्थापनेला, 11 ऑक्टोबरला उघडा, म्हणजे बरोबर चार आठवडे मिळतात. ओल्या नारळाच्या करंज्या शेवटच्या, चिवडा-चकली आधी, हे तुम्हाला माहीत आहेच. ते गिऱ्हाइकालाही सांगा, कारण कुठला पदार्थ किती दिवस टिकतो हा तुमच्याकडे सगळ्यात जास्त येणारा प्रश्न असणार. आणि या दिवाळीत एक दिवस राखून पुढच्या दिवाळीचे फोटो काढून ठेवा. घटस्थापनेला फराळ तयार नसतो आणि फोटो मात्र तेव्हाच लागतात, म्हणून मग लोक इंटरनेटवरचे उचलतात. तुमच्या चकलीचा काटा तुमच्याच फोटोत दिसला पाहिजे.

आता हे सगळं टाकायचं कुठे. इथे तुम्ही बराच जीव चुकीच्या जागी घातला असं मला वाटतं. सांगलीतली नवी व्यक्ती, जी तुम्हाला ओळखत नाही, ती पुरणपोळी कुठे मिळते हे गूगलवर किंवा गूगल मॅप्सवर शोधते. तिथे तुमचं नाव आहे का? पत्रात उल्लेख नाही म्हणून नसावं असं धरते. गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलवरचं तुमच्या धंद्याचं पान, फुकट आहे. घरचा पत्ता सगळ्यांना दिसू नये असं वाटत असेल तर तो झाकता येतो आणि नुसता घरपोच सेवेचा भाग दाखवता येतो: सांगली, मिरज, कुपवाड. पडताळणी बहुतेक वेळा मोबाइलवर व्हिडिओ काढून करावी लागते, त्यात स्वयंपाकघर आणि व्यवसायाचा पुरावा दाखवायचा असतो. एक दुपार जाईल, जाऊ द्या. नाव मात्र खरं तेच लिहा. नावापुढे 'सांगलीतील सर्वोत्तम पुरणपोळी' वगैरे चिकटवलं तर ते नियमात बसत नाही आणि प्रोफाइल बंद होण्याची वेळ येते. अन्नसुरक्षा नोंदणीचा 14 आकडी क्रमांक नसेल तर आधी तो काढा. घरून पदार्थ विकायलाही नोंदणी लागतेच, आणि अनोळखी गिऱ्हाइकाला त्याने धीर येतो.

गूगल कुणाला वर दाखवतं याचे तीन निकष ते स्वतःच सांगतात: शोधलेल्या गोष्टीशी तुमचा संबंध किती, शोधणाऱ्यापासून तुम्ही किती लांब, आणि लोकांमध्ये तुमची ओळख किती. अंतर तुमच्या हातात नाही. पहिलं आहे: पदार्थांची नावं, भागांची नावं मराठीतही लिहा आणि रोमन लिपीतही, कारण मराठीत बोलणारेसुद्धा टाइप रोमनमध्येच करतात. तिसऱ्यासाठी अभिप्राय लागतात. ते मागायची वेळसुद्धा तक्त्यात घाला: सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, चव जिभेवर असताना, सगळ्याच गिऱ्हाइकांना लिंक पाठवून. अभिप्रायाच्या बदल्यात सूट किंवा दोन मोदक जास्त देऊ नका. ते गूगलच्या नियमांविरुद्ध आहे, आणि तुमच्या हाताला त्याची गरजही नाही. अनारसे, मोदक, फराळ यांचं बुकिंग सुरू झालं की प्रोफाइलवरही एकेक पोस्ट टाका, दोन मिनिटांचं काम आहे.

जुन्या गिऱ्हाइकांसाठी व्हॉट्सॲप. बिझनेस ॲप नसेल तर घ्या. कॅटलॉगमध्ये दरासकट पदार्थ लावा आणि 'श्रावण', 'मोदक', 'फराळ', 'अधिक' अशी लेबलं करून प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याचं त्याचं लेबल द्या. ब्रॉडकास्ट यादीत (एकच निरोप अनेकांना वेगवेगळा पाठवायची सोय) 256 जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप जातो. म्हणून डब्यावरच्या चिठ्ठीवर नंबरासोबत 'हा नंबर सेव्ह करून ठेवा' असं छापा. मोदकवाल्यांना मोदकाचाच निरोप, फराळवाल्यांना फराळाचाच. सगळ्यांना सगळं पाठवलं की लोक गुपचूप म्यूट करतात. स्टेटस 24 तास टिकतं. बुकिंग चालू असेल त्या दिवसांत रोज ठेवा, नसेल तेव्हा गप्प राहा.

रोज टाकलंच पाहिजे का, या प्रश्नाचं उत्तर त्यातच आलं. नाही. इन्स्टाग्रामवर आठवड्याला दोन पुरे, सणाच्या आधीच्या दिवसांत जास्त, अधिक संपल्यानंतरच्या ज्येष्ठातल्या एखाद्या रिकाम्या आठवड्यात एकही नाही. इन्स्टाग्राम तुमच्या कामाची ओळख करून द्यायला चांगलं आहे. नवी बाई गूगलवरून तुमचं नाव कळल्यावर तिथे येऊन बघेल की हे हात खरे आहेत का. म्हणून रील जरूर करा, ठिकाण सांगली लावा, आणि चित्रफितीत बोलताना पहिल्या वाक्यातच गावाचं नाव घ्या. काय लिहायचं तर पाच गोष्टी प्रत्येक पोस्टमध्ये स्पष्ट हव्यात: पदार्थ, दर, कुठपर्यंत पोचवता, बुकिंगची शेवटची तारीख, फोन नंबर. 'दरासाठी मेसेज करा' असं लिहू नका. नोकरी, मुलं, सासूबाईंची औषधं यांतून वेळ काढून बघणारी बाई दर विचारायला थांबत नाही, पुढे जाते.

एक वर्ग तुमच्या वहीत असेल, त्याच्याकडे खास लक्ष द्या: सांगलीचे पण पुण्या-मुंबईत, बंगळूरला राहणारे. ते स्वतः खात नाहीत, आईवडिलांना पाठवतात. 'आईला यंदा गौरीचं पुरण घरी करणं झेपणार नाही, तुम्ही पोचवाल का?' असे फोन येत असतील तर तो माणूस लांब राहत असूनही तुमचा स्थानिक गिऱ्हाईकच आहे. डबा सांगलीतच जायचा आहे. त्याच्यासाठी दर सणाला एक पोस्ट स्वतंत्र करा: "आईबाबा सांगलीत, तुम्ही बाहेर? डबा आम्ही पोचवू, पोचल्याचा फोटो पाठवू." ही पोस्ट तुमच्या त्या लांबलांबच्या फॉलोअरमध्ये लपलेल्या सांगलीकरांपर्यंतही जाईल, आणि त्या फिरलेल्या रीलचं काही चीज होईल.

आता लगेच करायचं ते. होळी मार्चच्या अगदी सुरुवातीला आहे आणि पाडवा 19 मार्चला. होळीच्या पोळीचं बुकिंग या आठवड्यात जुन्या गिऱ्हाइकांना कळवा, नवीन काही मांडायच्या फंदात पडू नका. पाडव्यापर्यंत गूगलचं काम आणि वहीतली अंतरं काढून होऊ द्या, मग पूर्ण वर्षाचा कागद आखा. आजपासून प्रत्येक नव्या फोनला विचारा, "आमचा नंबर कुठून मिळाला?" आणि ऑर्डरसमोर एक अक्षर लिहा: ग गूगलचं, स स्टेटसचं, इ इन्स्टाग्रामचं, ओ ओळखीतून. अधिक संपेपर्यंत पानं बोलायला लागतील.

जाहिरातीचं म्हणाल तर फिरलेल्या रीलला पैसे लावून आणखी फिरवू नका. एकदा करून बघायची असेल तर अनारशांसाठी करा. 25 एप्रिल ते 5 मे, नकाशावर फक्त सांगली, मिरज आणि कुपवाड निवडून, दाबलं की थेट तुमचं व्हॉट्सॲप उघडेल अशी. एका दिवसाच्या पोळ्यांतून जेवढे सुटतात त्याहून जास्त रक्कम घालू नका, आणि पहिल्या दोन आठवड्यांचं बुकिंग भरलं तर मुदत शिल्लक असली तरी जाहिरात त्याच दिवशी थांबवा. त्यातून आलेल्या ऑर्डरींसमोर वहीत 'ज' लिहा, म्हणजे गणपतीच्या आधी पुन्हा पैसे घालायचे की नाही ते तुम्हाला कुणाला विचारावं लागणार नाही.